औषधांची यादी पाठ असते, पण पेशंट समोर ठेवला की मुलं गप्प बसतात. फार्माकोथेरप्युटिक्स नेमकं शिकवायचं कसं?

मराठवाड्यातली_मॅडम

नमस्कार. फार्मसी कॉलेजात शिकवणारे, हॉस्पिटलात काम करणारे, मेडिकल चालवणारे कुणी इथे असाल तर जरा सविस्तर सल्ला हवाय. मी तालुक्याच्या गावी डी.फार्मच्या (फार्मसीचा डिप्लोमा) सेकंड इयरला फार्माकोथेरप्युटिक्स, म्हणजे कुठल्या पेशंटला कुठलं औषध का आणि कसं द्यायचं हे, शिकवते, माझं स्वतःचं एम.फार्म फार्माकॉलॉजीत झालंय. १९९१ च्या जुन्या रेग्युलेशनमध्ये डी.फार्मला हा विषय वेगळा नव्हताच, २०२० च्या नव्या रेग्युलेशनमध्ये आला, त्यामुळे आमच्याकडच्या सीनियर लोकांनाही तो कधी शिकवायला लागला नव्हता आणि विचारायचं कुणाला हा प्रश्नच आहे.

अडचण अशी की मुलांना औषधांचं वर्गीकरण येतं, मेकॅनिझम येतं, साइड इफेक्ट ओळीने सांगतात. पण प्रिस्क्रिप्शन दाखवून विचारलं की या माणसाला एनालाप्रिलबरोबर स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे, आता कशावर लक्ष ठेवायचं, तर वर्ग शांत. खरं तर पोटॅशियम वाढतं हे दोन्ही औषधांच्या खाली त्यांनी स्वतःच्या वहीत लिहिलेलं असतं! मेटफॉर्मिन का दिलं विचारलं तर 'अँटिडायबेटिक आहे म्हणून' एवढंच उत्तर. ग्लिमेपिराइड (साखरेची दुसरी गोळी) का नाही दिलं, दोन्ही का दिली, यावर काही नाही.

सिलॅबस आजारांच्या क्रमाने आहे, व्याख्या, कारणं, लक्षणं, औषधाशिवायचे उपाय, मग औषधं, आणि प्रॅक्टिकलला केसवरून सोप नोट (पेशंटची तक्रार, तपासणी, निष्कर्ष आणि पुढची योजना अशी नोंद) लिहायची आणि रोल-प्लेने काउन्सेलिंग करायचं. कागदावर चांगलं आहे हो, पण मुलं सोप नोट पण एकमेकांची बघून उतरवतात. कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल नाही, ग्रामीण रुग्णालयात कधीमधी नेता येतं पण तिथे गर्दी एवढी असते की डॉक्टरांना थांबवून विचारणं बरं वाटत नाही. बरीच मुलं मराठी माध्यमातून आलेली, इंग्रजी वाचून समजेपर्यंत तास संपतो. केसेस कुठून आणायच्या, कशा मांडायच्या, आणि सुरुवात औषधापासून करू की आजारापासून, की आणखी कशापासून? जे स्वतः करून बघितलंय ते सांगा प्लीज.

वॉर्डातला_फार्मासिस्ट_पुणे

मॅडम, प्रश्न अगदी बरोबर ठिकाणी आहे. मी हॉस्पिटलात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे, फार्म.डी.ची (फार्मसीतली डॉक्टरेट पदवी) मुलं माझ्याकडे वॉर्डात असतात आणि त्यांचंही पहिल्या महिन्यात हेच होतं, त्यामुळे ही डी.फार्मच्या मुलांची कमी आहे असं अजिबात समजू नका. फार्माकॉलॉजीमध्ये आपण औषध मध्ये ठेवतो आणि त्याच्याभोवती आजार फिरवतो. थेरप्युटिक्समध्ये मध्ये माणूस असतो. त्याचं वय, वजन, किडनी, लिव्हर, बाकीची औषधं, पैसे, जेवणाच्या वेळा, आणि मग त्यात औषध बसतंय का बघायचं. तुम्ही आजारापासून सुरू केलंत तरी मुलं आजाराची यादी पाठ करतील, म्हणून माझं मत स्पष्ट आहे, सुरुवात माणसापासून करा.

एक केस देतो, बनवलेली आहे पण असे पेशंट रोज येतात. ६२ वर्षांचे शेतकरी, वजन ५० किलो. डायबेटिस आणि बीपी. मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा, ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम सकाळी, बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड (लघवी वाढवणारं डाययुरेटिक) १२.५ ची एकत्र गोळी. गुडघे दुखतात म्हणून तीन आठवड्यांपासून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक (पेनकिलर) घेतायत, हे केसपेपरवर कुठेच नाही, विचारलं तरच कळतं. तक्रार काय तर थकवा, लघवी कमी होतेय, आणि एकादशीच्या दिवशी दुपारी घाम येऊन गरगरलं. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की हे वाढतं) १.८, पोटॅशियम ५.६, दोन्ही जास्त.

ही केस एकदम पूर्ण देऊ नका. आधी फक्त वय, तक्रार आणि प्रिस्क्रिप्शन फळ्यावर लिहा आणि मुलांना म्हणा, तुम्ही याला काय विचाराल? प्रश्न त्यांनीच काढायचे. ज्याने 'आणखी कुठली गोळी घेता का' विचारलं त्याला डायक्लोफिनॅक सांगायचं, कुणी विचारलंच नाही तर सांगायचं नाही. ज्याने जेवणाबद्दल विचारलं त्याला उपवास कळेल. ज्याने रिपोर्ट मागितले त्याला क्रिएटिनिन मिळेल. पहिल्या वेळी अर्धी माहिती बाहेरच येत नाही आणि तास संपताना तुम्ही उरलेलं सांगितलंत की जो आवाज होतो ना वर्गात, त्यातून शिकणं होतं.

मग एकेक धागा. टेल्मिसार्टन, डाययुरेटिक आणि पेनकिलर ही तिन्ही एकत्र आली की किडनीला मार बसतो. पेनकिलरमुळे किडनीत रक्त आणणारी बारीक नळी आखडते, टेल्मिसार्टनमुळे रक्त बाहेर नेणारी नळी सैल पडते, डाययुरेटिकने शरीरातलं पाणीच कमी केलेलं असतं, म्हणजे गाळायला लागणारा दाब तिन्हीकडून गेला. हे मुलांना तीन वेगळ्या चॅप्टरमध्ये येत असतं, फक्त एका माणसात एकत्र आलेलं बघितलेलं नसतं. ग्लिमेपिराइड सकाळी घेतलं आणि जेवलेच नाहीत, त्यात किडनी मंदावलेली म्हणून औषधाचा परिणाम जास्त वेळ राहिला, म्हणून साखर उतरली. मेटफॉर्मिनने एकट्याने सहसा साखर एवढी उतरत नाही, मॅडम तुमच्या 'ग्लिमेपिराइड का नाही दिलं' या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं.

आणि मग आकडेमोड. किडनी किती गाळते याचा अंदाज देणारं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र, १४० मधून वय वजा करा, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन, बाई असेल तर ०.८५ ने गुणायचं. ७८ गुणिले ५० म्हणजे ३९००, भागिले १२९.६, उत्तर साधारण ३०. मुलं म्हणतात सर १.८ म्हणजे थोडंच वाढलंय. पण बारीक, वयस्क माणसात १.८ म्हणजे किडनीचं काम किती खाली आलंय हे त्यांनी स्वतःच्या हाताने काढलं की विसरत नाहीत.

शेवटी तीन गोष्टी लिहायला लावा. यातलं आत्ता थांबवायला डॉक्टरांना काय सुचवाल, त्याऐवजी काय, आणि पुन्हा काय तपासायचं आणि कधी. ते 'कधी' हवंच. मुलं 'मॉनिटर करा' लिहून मोकळी होतात, काय मॉनिटर, किती दिवसांनी, किती आकडा आला की काळजी करायची, हे लिहिलं नाही तर मी मार्कच देत नाही.

ओपीडीतला_डॉक्टर

मी फिजिशियन आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस. वरची केस छान बांधलीय, पण त्यात एक गोष्ट घालायला हवी. क्रिएटिनिनवरून काढलेलं कुठलंही सूत्र तेव्हाच चालतं जेव्हा क्रिएटिनिन स्थिर असतं. या माणसाला तीन आठवडे पेनकिलर चालू आहे, लघवी कमी झालीय, म्हणजे क्रिएटिनिन अजून चढत असणार. आज १.८ आहे, दोन दिवसांनी २.५ असू शकतं, आणि किडनीचं खरं काम आजच ३० च्या बरंच खाली असू शकतं. म्हणून आकडेमोड करण्याआधी मुलांनी विचारायला हवं की जुना रिपोर्ट आहे का. सहा महिन्यांपूर्वी १.७ असेल तर हा जुना किडनीचा आजार आहे, १.० असेल तर हे नवीन दुखणं आहे आणि घाई आहे. हा एक प्रश्न सगळी केस बदलून टाकतो.

दुसरं, लॅबच्या रिपोर्टवर जो ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचाच अंदाज) छापून येतो तो वेगळ्या सूत्राने असतो. याच माणसाला सीकेडी-ईपीआयच्या २०२१ च्या सूत्राने काढलं तर साधारण ४२ येतो, कॉकक्रॉफ्टने ३०. मुलं गोंधळतात, आणि गोंधळू द्या, कारण प्रत्यक्षात पण हेच होतं. लॅबचा आकडा सरासरी मापाच्या शरीरासाठी काढलेला असतो आणि आपला शेतकरी ५० किलोचा. बऱ्याच जुन्या औषधांचे किडनीप्रमाणे डोस कॉकक्रॉफ्टवर ठरवलेत, पण मेटफॉर्मिनची मर्यादा ईजीएफआरवर आहे, ३० च्या खाली द्यायचं नाही, ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करायचं नाही. कुठल्या औषधाला कुठला आकडा लावायचा हे बघायची सवय लागली तर खूप झालं.

मी काय केलं असतं तर डायक्लोफिनॅक लगेच बंद, दुखण्याला पॅरासिटामॉल. टेल्मिसार्टनची एकत्र गोळी आणि मेटफॉर्मिन काही दिवस थांबवलं असतं, ग्लिमेपिराइड पण बंद, पोटॅशियम ५.६ आहे म्हणून ईसीजी त्याच दिवशी, आणि क्रिएटिनिन-पोटॅशियम एक-दोन दिवसांत परत. साखरेसाठी गरज पडली तर लिनाग्लिप्टिनसारखं, ज्याचा डोस किडनीमुळे बदलावा लागत नाही, किंवा इन्सुलिन कमी डोसने. किडनी सावरली की टेल्मिसार्टन परत सुरू करायचं असतं, डायबेटिसवाल्याला ते फायद्याचं आहे, हे मुलांना सांगायला विसरू नका नाहीतर ती समजतील की औषधच वाईट.

आणि मॅडम, गर्दीत डॉक्टरांना थांबवू नका हे खरं, पण दुपारी तीननंतर बहुतेक ठिकाणी ओपीडी ओसरते. दोन-तीन मुलं, एकच पेशंट, आणि प्रश्न आधी कागदावर लिहून आणलेला, असं केलंत तर कुणी नाही म्हणणार नाही. तीस मुलांचा घोळका घेऊन आलात तर मीही वैतागेन.

जुना_मास्तर

मी थोडं वेगळं बोलतो. बरीच वर्षं शिकवतोय. हल्ली केस-केस फार चाललंय आणि पाया कच्चा राहतोय असं मला वाटतं. ज्या मुलाला थायझाइड आणि लूप डाययुरेटिक यातला फरक येत नाही त्याच्यापुढे केस ठेवून तो अंदाजच मारणार. आधी वर्गीकरण, मेकॅनिझम, डोस हे पाठ असलंच पाहिजे. आणि आपल्याकडे डी.फार्म झालेल्याला औषध लिहायचा अधिकार नाही, तो डॉक्टरांना टेल्मिसार्टन थांबवा म्हणून सांगणार आहे का? परीक्षेतही प्रश्न 'वर्गीकरण लिहा' असाच येतो. मुलं पास व्हायला हवीत ना आधी.

मराठवाड्यातली_मॅडम

सर, पाया हवा हे शंभर टक्के मान्य. पण माझ्या वर्गात पाया असलेली मुलंच अडकतायत, हाच माझा प्रश्न आहे. आणि अधिकाराचं म्हणाल तर वरच्या केसमध्ये डायक्लोफिनॅक दिलंय कुणी, मेडिकलवाल्यानेच ना? तिथे काउंटरवर आपलाच विद्यार्थी उभा असणारे. 'बीपीची गोळी चालू आहे का, किडनीचा त्रास आहे का' एवढं विचारायला प्रिस्क्राइब करायचा अधिकार लागत नाही. पीसीआयच्या (फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया) २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशनमध्ये काउन्सेलिंग हे रजिस्टर्ड फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलंच आहे.

डॉक्टर, जुन्या रिपोर्टचा मुद्दा खूप उपयोगी पडला, मी केसमध्ये दोन पाकिटं करीन, एकात जुना रिपोर्ट १.७ आणि एकात १.०, अर्ध्या वर्गाला एक आणि अर्ध्याला दुसरा. बघू उत्तरं कशी वेगळी येतात.

औषधवाला_सांगली

आमचं मेडिकल आहे, वडिलांच्या वेळेपासून, डी.फार्मची मुलं ५०० तासांच्या ट्रेनिंगला आमच्याकडे येतात. मॅडम म्हणतात ते खरं आहे, थेरप्युटिक्स काउंटरवरच घडतं, फक्त त्याला कुणी ते नाव देत नाही. मी मुलांना पहिले काही दिवस औषध काढून द्यायला लावत नाही, फक्त पेशंटशी बोलायला लावतो. तीन प्रश्न ठरलेले आहेत, डॉक्टरांनी हे कशासाठी दिलंय सांगितलं, कसं घ्यायचं सांगितलं, आणि घेतल्यावर काय होईल म्हणाले. ही पद्धत अमेरिकेतल्या इंडियन हेल्थ सर्व्हिसने रूढ केलेली आहे पण आमच्या सांगलीत पण तेवढीच चालते. पेशंटला आधी बोलू दिलं की कळतं त्याला काय माहीत नाही, नाहीतर मुलं पोपटासारखं सगळं सांगतात आणि समोरचा नुसता मान हलवतो.

काही गोष्टी आहेत ज्या पुस्तकात एका ओळीत असतात आणि प्रत्यक्षात माणसाचा जीव त्यावर असतो. इन्सुलिनची बाटली आपल्याकडे ४० युनिटची मिळते आणि सिरिंज ४० ची पण मिळते, १०० ची पण. लाल टोपणाची ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. ४० च्या बाटलीला १०० ची सिरिंज लावली तर डोस अडीच पट कमी जातो, उलटं केलं तर अडीच पट जास्त. हे मुलांच्या हातात दोन्ही सिरिंज देऊन, पाणी भरून दाखवा, बोलून नाही समजत. तसंच मेथोट्रेक्सेट, सांधेदुखीला आठवड्यातून एकदाच असतं, 'आठवड्यातून एकदा' एवढं सांगून भागत नाही, पाकिटावर वार लिहायचा, सोमवार म्हणजे सोमवार. रोज घेतलं तर तोंड येण्यापासून रक्तपेशी कमी होण्यापर्यंत काहीही होतं. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर चार तासांचं अंतर, बायका दोन्ही एकदम चहाबरोबर घेतात आणि मग टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) खाली येत नाही म्हणून डोस वाढत जातो. मुलांना विचारा, इथे डोस वाढवायचा का वेळ बदलायची? यात सगळं थेरप्युटिक्स आलं.

उपवासाचा मुद्दा वर आलाय तो श्रावणात आणि नवरात्रात आमच्याकडे रोजचा आहे. नऊ दिवस उपवास धरणारी बाई साखरेची गोळी बंद करते किंवा तशीच घेते, दोन्ही धोक्याचं, आणि वर साबुदाण्याच्या खिचडीने साखर चढते ती वेगळीच. उपवास करू नका म्हणून सांगणारा फार्मासिस्ट कुणी ऐकत नाही. 'उपवास धरायच्या आधी डॉक्टरांना विचारून गोळ्यांचं वेळापत्रक बदलून घ्या, गरगरलं तर साखर खा, तेव्हा उपवास मोडतो का नाही ते बघू नका' असं सांगितलं तर ऐकतात. मुलांना मराठीतच रोल-प्ले करू द्या मॅडम, पेशंट काय इंग्रजीत बोलणारे का.

फार्मडी_चौथं_वर्ष

विद्यार्थ्याच्या बाजूने लिहिते. आमचा कोर्स सहा वर्षांचा, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिप, सहा महिने जनरल मेडिसिन आणि मग दोन-दोन महिने तीन दुसऱ्या विभागांत. थेरप्युटिक्स आम्हाला तीन वर्षं असतं आणि खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मी पण फक्त पाठ केलं. जे डोक्यात बसलं ते एका वॉर्ड राऊंडला. एक आजी होत्या, पायाला सूज म्हणून फ्युरोसेमाइड (लूप डाययुरेटिक) चालू होतं आणि त्यामुळे रात्री सारखं उठावं लागायचं. आमच्या मॅडमनी विचारलं, सूज कधीपासून? मग जुने कागद काढले तर बीपीचं अम्लोडिपिन ५ चं १० केल्यानंतर सूज सुरू झालेली. म्हणजे एका औषधाचा साइड इफेक्ट, त्याला नवीन आजार समजून दुसरं औषध. डॉक्टरांशी बोलून अम्लोडिपिन कमी केलं आणि काही दिवसांत सूज उतरली. तेव्हापासून कुठलंही प्रिस्क्रिप्शन बघितलं की मी तारखा लावते, कुठलं औषध कधी आलं आणि कुठली तक्रार कधी आली. मॅडम, तुम्ही केस देताना तारखा द्या, आमच्या पुस्तकातल्या केसेसमध्ये सगळं एकाच दिवशी घडलेलं असतं त्यामुळे हे शिकताच येत नाही.

आणि साइड इफेक्ट सापडला की फॉर्म भरायला लावा. फार्माकोव्हिजिलन्सचा (औषधांच्या साइड इफेक्टवर लक्ष ठेवण्याचा) राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो, हेल्पलाइन १८००-१८०-३०२४. पेशंटसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. फॉर्म भरताना औषध कधी सुरू, त्रास कधी सुरू, थांबवल्यावर कमी झाला का, परत दिल्यावर परत झाला का, हे सगळं लिहावंच लागतं, म्हणजे विचार करायची पद्धत आपोआप लागते. आम्ही नारान्जो स्केल (त्रास औषधामुळेच झाला का हे ठरवायची प्रश्नावली) वेगळी पाठ केली होती, फॉर्म भरला तेव्हा कळलं की ते प्रश्न का आहेत.

जुन्या सरांना एवढंच म्हणीन की सर, लूप आणि थायझाइडमधला फरक मला खरा त्या आजींमुळेच कळला, म्हणजे पाया आधी आणि केस नंतर असं दरवेळी होत नाही, कधी केसमुळे पाया पक्का होतो.

लेस्टरकर

मूळ नाशिकचा, इथे इंग्लंडमध्ये हॉस्पिटल फार्मासिस्ट आहे. इथे पेशंट अ‍ॅडमिट झाला की २४ तासांत त्याची घरची सगळी औषधं तपासून यादी पक्की करायची असते, आणि ती एकाच ठिकाणाहून नाही, पेशंट, घरची माणसं, त्याच्या डॉक्टरांची नोंद, औषधांची पिशवी असं ताडून. नवीन मुलांना पहिलं काम हेच देतात कारण त्यात फार्माकॉलॉजी, बोलणं आणि शंका घेणं तिन्ही येतं. २०२६ पासून इथे नवीन रजिस्टर होणारे फार्मासिस्ट सुरुवातीपासूनच प्रिस्क्राइब करू शकणारेत, पण त्याच्या खूप आधीपासून शिकवण्याची पद्धत हीच आहे, तेव्हा अधिकार नाही म्हणून शिकवायचं नाही हे मला पटत नाही.

हॉस्पिटल नसलं तरी तुमच्याकडे केसेस आहेत मॅडम. प्रत्येक मुलाच्या घरी आजी-आजोबा किंवा शेजारी कुणीतरी असतं ज्यांच्याकडे औषधांची प्लॅस्टिकची पिशवी असते. एक्स्पायर झालेली, अर्धी पट्टी, दुसऱ्या कुणाची, आयुर्वेदिक चूर्ण, झोपेची गोळी, सगळं त्यात. मुलांना सांगा, परवानगी घेऊन, नाव न लिहिता, पिशवीतल्या प्रत्येक गोष्टीची नोंद करून आणा. ब्रँड, आत काय आहे, कशासाठी दिली, प्रत्यक्षात कशी घेतात. आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधं असतात, त्यामुळे दोन वेगळ्या ब्रँडमधून पॅरासिटामॉल दोनदा जातंय असं हमखास सापडेल. फक्त एक ताकीद द्या, घरी कुणाची कुठलीही गोळी स्वतःहून बंद करायची नाही, काही खटकलं तर आधी तुम्हाला सांगायचं आणि मग डॉक्टरांकडे. बीटा-ब्लॉकर किंवा क्लोनिडीन असलं बीपीचं काही अचानक बंद केलं तर भलतंच व्हायचं.

मराठवाड्यातली_मॅडम

पिशवीची कल्पना मी याच आठवड्यात सुरू करते, आणि डॉक्टर म्हणाले तसं तीन-तीनच्या गटाने दुपारी रुग्णालयात नेण्यासाठी अर्ज पण देते. तारखांचा मुद्दा पण लिहून ठेवला. एकच राहिलं, परीक्षेचं. जुने सर म्हणाले ते खोटं नाही, वार्षिक पेपर माझ्या हातात नाही, पण सेशनल आणि प्रॅक्टिकलचे मार्क आहेत. तिथे प्रश्न कसे काढू, आणि तपासताना उत्तर 'बरोबर' कसं ठरवू, कारण केसला दोन-तीन बरोबर उत्तरं असू शकतात ना?

वॉर्डातला_फार्मासिस्ट_पुणे

जुनाच प्रश्न थोडा वळवा. 'फ्युरोसेमाइडचे साइड इफेक्ट लिहा' याऐवजी 'हार्ट फेल्युअरच्या बाईंना फ्युरोसेमाइड ४० आणि डिगॉक्सिन चालू आहे, पायात गोळे येतात, पोटॅशियम २.९, काय धोका आहे आणि का'. ज्याला साइड इफेक्ट येतात तो अर्धे मार्क नक्की मिळवतो, त्यामुळे जुन्या सरांचा पाया पण तपासला जातो, आणि पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिनची विषबाधा लवकर होते हे जोडणाऱ्याला उरलेले. टीबीचा असा काढा, 'रिफॅम्पिसिन असलेली औषधं सुरू झालेली बाई गर्भनिरोधक गोळ्या घेते, तिला कुठल्या दोन गोष्टी सांगाल'. लघवी नारिंगी होईल, घाबरू नका, ही एक, आणि गोळ्यांचा भरवसा राहत नाही, दुसरा उपाय वापरायला डॉक्टरांशी बोला, ही दुसरी. दोन ओळींचं उत्तर आहे, तपासायला सोपं. वॉरफॅरिनवाल्याला (रक्त पातळ करणारं औषध) दातांसाठी मेट्रोनिडॅझोल दिलं, तो पण चांगला प्रश्न आहे, रक्तस्रावाची लक्षणं आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) किती दिवसांत परत बघायचा हे विचारा.

बरोबर कसं ठरवायचं तर मी औषधाच्या नावाला कमी आणि कारणाला जास्त मार्क देतो. दहापैकी साधारण तीन अडचण ओळखली त्याला, तीन 'का' लिहिलं त्याला, दोन काय सुचवाल त्याला, आणि दोन काय-कधी तपासायचं त्याला. एकाने लिनाग्लिप्टिन लिहिलं आणि दुसऱ्याने इन्सुलिन, कारण दोघांचं पटणारं असेल तर दोघांना सारखे मार्क. मात्र ज्या उत्तराने पेशंटला इजा होईल, समजा वरच्या शेतकऱ्याला डायक्लोफिनॅक चालू ठेवा, तिथे बाकी कितीही छान लिहिलं असलं तरी पास नाही, आणि हे मुलांना आधीच सांगून ठेवायचं.

सोप नोट उतरवण्याचा प्रश्न राहिला. एकच केस सगळ्यांना द्या पण वजन, वय आणि क्रिएटिनिन प्रत्येक रोल नंबरला वेगळं द्या. एक्सेलमध्ये आकडे बदलून प्रिंट काढायला फार वेळ लागत नाही. मी अशा काही केसेस मराठीत लिहून ठेवल्यात, किडनी, दमा, थायरॉइड आणि गरोदरपणातला बीपी, इथे संध्याकाळी टाकतो. त्यातल्या गरोदरपणाच्या केसमध्ये बाईला आधीपासून टेल्मिसार्टन चालू आहे, गरोदरपणात ते चालत नाही, म्हणून मुद्दाम ठेवलंय, मुलांना आधी काही सांगू नका.

औषधवाला_सांगली

सर, केसेस टाकल्या की मला पण कळवा, आमच्याकडच्या ट्रेनिंगच्या पोरांना देतो. दम्याच्या केसमध्ये इनहेलर वापरून दाखवायला लावा, नुसतं लिहून घेऊ नका. रिकामे इनहेलर लागत असतील तर पेशंट आमच्याकडे परत आणून देतात, धुऊन ठेवलेले आहेत, मॅडमना कुरिअर करतो, पत्ता मेसेजमध्ये पाठवा.